गुन्हा नसल्याचा दाखला

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं ठणकतं. चौतीस वर्षं मी हैदराबादेत पोलिसाची नोकरी केली. चोर पकडले, चोरांचे बाप पकडले. एकदा तर सुलतान बाजारात मी नुसती हाक मारली आणि धावती ऑटो जागच्या जागी थांबली. आतला खिसेकापू हात वर करून उतरला आणि आजूबाजूच्या चार सराफांनी भीतीने शटर ओढून घेतलं. शपथेवर सांगत नाही. शपथेवर बोलायची सवय नोकरीबरोबरच सुटली. पण एवढ्या वर्षांत एकाही गुन्हेगाराने मला छळलं नसेल, तेवढं एका निरपराध माणसाने छळलं.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. दिलसुखनगरच्या बाजूच्या एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. सोमवारी सकाळी दहाला हजेरी आणि कामवाटप उरकून डायरी उघडतो तोच पन्नाशीचे एक गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, काखेत फाईल. टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचून त्यांनी सरळ मराठीत विचारलं, "साहेब, माझा गुन्हा काय आहे?"

"अहो, इथे लोक दुसऱ्याचा गुन्हा सांगायला येतात. स्वतःचा विचारायला आलेले तुम्ही पहिलेच. बसा."

ते मूळचे नांदेडकडचे. घराणं शेतकऱ्याचं, पण वडिलांपासून हैदराबादेत. बावीस वर्षं एकाच औषध कंपनीत काढून ते तिच्या कारखान्याचे प्रमुख झाले होते. आदल्या गुरुवारी कारखान्याच्या रिसेप्शनवर एका बाईचा फोन आला. "पोलीस स्टेशनमधून बोलतेय, तुमच्या प्रमुखांच्या पासपोर्टची चौकशी आहे." बाईने आमच्याच ठाण्याचं नाव सांगितलं होतं.

"दुपारच्या जेवणापर्यंत पासपोर्ट गळून पडला आणि नुसती चौकशी उरली," ते म्हणाले. "चहाच्या वेळेला ती नशेच्या गोळ्यांची चौकशी झाली. संध्याकाळी कंपनीची बस सुटेपर्यंत मी देश सोडून पळायच्या तयारीत होतो. मला हे सगळं दुसऱ्या दिवशी कळलं, साहेब."

पुढच्या महिन्यात कारखान्याच्या तपासणीला परदेशी पथक येणार होतं. व्यवस्थापन घाबरलं. त्यांनी या गृहस्थांना घरी बसवलं आणि बजावलं, की चौकशी नसल्याचं पोलिसांचं पत्र शुक्रवारच्या बैठकीपर्यंत आणा, नाहीतर राजीनामा द्या.

मी रजिस्टरं चाळली, कॉम्प्युटर बघितला, स्पेशल ब्रँचला फोन केला. काही म्हणजे काही नव्हतं. शिवाय पासपोर्टची चौकशी आम्ही घरी जाऊन करतो, ऑफिसात फोन करून नाही.

"तुमच्यावर काहीही नाही. जा, निवांत झोपा."

"तेच लिहून द्या."

इथून माझी साडेसाती सुरू झाली. आमचा स्टेशन रायटर, म्हणजे ठाण्याची कागदपत्रं सांभाळणारा हेड कॉन्स्टेबल, जुना मुरलेला माणूस. तो म्हणाला, "साब, केस है तो कागज है. केसइच नहीं तो कागज कैसा देते?" मी एसीपी साहेबांना फोन लावला.

"आज 'काही नाही' लिहून दिलंस आणि उद्या काही निघालं तर?" ते म्हणाले.

"काय निघणार, सर?"

"ते मला माहीत असतं तर मीच पकडला नसता का त्याला?"

म्हणजे त्या माणसाने खून केला असता, तर मी त्याला शंभर पानं लिहून दिली असती. काही केलं नाही, म्हणून अर्धी ओळ देता येईना!

मंगळवारी दहाला ते पुन्हा हजर. तोतया पोलिसाबद्दल मी त्यांच्याकडून लेखी अर्ज घेतला आणि आता घरी जा म्हटलं. गेले नाहीत. फाईल मांडीवर घेऊन बाकावर बसून राहिले. बुधवारीही तेच. शिपायांनी त्यांचं नाव 'दस बजे साब' पाडलं. एक बाई साखळीचोरीची तक्रार द्यायला आली आणि तिने छातीठोकपणे चोर म्हणून यांनाच ओळखलं. तिची समजूत घालण्यात माझी दुपार गेली. तेवढ्यात यांच्याच कॉलनीचा सेक्रेटरी कुठल्याशा परवानगीसाठी ठाण्यात आला, यांना बाकावर बघून चपापला आणि परवानगी न घेताच निघून गेला.

"अहो, कशाला बसता इथे?" मी वैतागून ओरडलो. "बसून बसून तुम्ही खरंच आरोपी दिसायला लागलात!"

ते शांतपणे म्हणाले, "घरी बसलो तर बायको रडते, साहेब. काल तिने दूधवाल्यालासुद्धा दार उघडलं नाही."

मी टोपी उचलली आणि थेट कारखाना गाठला.

रिसेप्शनवरच्या मुलीने मला अर्धा तास "मॅनेजर से पूछना पड़ता सर" म्हणत ताटकळत ठेवलं. समोर सहा फुटी इन्स्पेक्टर, वर्दी, खांद्यावर तीन तारे, तरी मॅनेजर से पूछना पड़ता. मग मी विचारलं, "और फोन पे उस औरत को क्या क्या बताए?"

"सब बताई सर. पुलिस है बोले तो बताना पड़ता ना?"

मी डोळे मिटून दहापर्यंत आकडे मोजले. नंतर त्या बाईने विचारलेला एकेक प्रश्न लिहून घेतला. साहेबांचं नेमकं पद काय? ते कोणाच्या हाताखाली, त्यांच्या हाताखाली माणसं किती? मुलं शिकतात कुठे? नोकरी सोडायची तर किती महिने आधी सांगावं लागतं? चौकशीत माणसाला काय विचारायचं आणि कसं, हे मी रंगरूटांना शिकवलेलं आहे. हाताखालच्या माणसांची मोजदाद मी जन्मात कोणाला विचारली नव्हती. कारखान्याच्या फोन यंत्रातून त्या तासातल्या कॉलची यादी मात्र घेतली. अकरा नंबर होते.

संध्याकाळी घरी जेवताना ते प्रश्न मी मुलीला वाचून दाखवले. ती माधापूरला एका परदेशी कंपनीत आहे. मराठी वाचायला दिलं की तिला जांभई येते, पण बोलण्यात कोणाला हार जात नाही.

"पप्पा, नोटीस पीरियड पोलीस विचारतात का? हे हेडहंटर आहेत! इतकं सिंपल आहे."

"ते काय असतं?"

"टॉपच्या पोस्टची ॲड कोणी देत नाही ना. फॉरेनच्या कंपन्या कन्सल्टंटला सांगतात, असा असा माणूस पाहिजे. मग ते लोक चुपचाप दुसऱ्या कंपनीतला शोधून काढतात आणि ओढतात."

"म्हणजे माणूसचोर."

"हौ, पण चोरीला जाणारा खुशीने जातो, पप्पा. डबल पगार मिळतो."

गुरुवारी सकाळी मी रायटरला ते अकरा नंबर फिरवायला बसवलं. कोणी रसायनवाला निघाला, कोणी ट्रकवाला. सातव्या नंबरावर आधी पियानो वाजला, मग एका गोड आवाजाने इंग्रजीत वेलकम केलं. रायटरने रिसीव्हर लांब धरून माझ्याकडे पाहिलं. "मिल गए साब. इत्ते प्यार से कोई शरीफ आदमी बात नहीं करता."

ऑफिस माधापूरच्या एका काचेच्या इमारतीत होतं. आत एसी असा, की माझ्या मिशीवर दव पडलं. फोन करणारी बाई पस्तिशीची, पुण्याची, शहाण्यासुरत्या चेहऱ्याची. माझं मराठी ऐकून तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

"अय्या, तुम्ही मराठी! बसा ना, काका."

"काका नाही. मी ड्युटीवर आहे. गेल्या गुरुवारी तुम्ही माझ्या ठाण्यात नोकरीला होता, असं कळलं. हजेरीपटावर नाव दिसत नाही तुमचं."

तिचा चेहरा उतरला. शेजारी तिचा टायवाला बॉस बसला होता. तो मध्ये पडला. "सर, इट इज जस्ट रिसर्च. वी मॅप टॅलेंट."

"तुम्ही थांबा. तुमचा नकाशा नंतर काढतो. बाई, तुम्ही बोला."

ती बोलली. नेहमी ती कुरिअरवाली होते, नाहीतर परिषदेचं आमंत्रण देणारी. त्या दिवशी कारखान्यातली मुलगी दाद देईना. आदल्याच आठवड्यात या बाईच्या स्वतःच्या पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन गेले होते, तेच तिच्या तोंडात आलं. कारखाना कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतो, तेही तिने आधी बघून ठेवलं होतं. "पोलीस म्हटल्यावर दोन मिनिटांत सगळं सांगितलं हो तिने!"

"कोणासाठी चाललं होतं हे?"

"एका परदेशी कंपनीला भारतातल्या सगळ्या कारखान्यांवर एक प्रमुख हवा होता. आम्ही बारा नावं काढली. हे गृहस्थ पहिल्या नंबरावर होते. खरंच फार चांगला माणूस आहे. सगळीकडून तसंच कळलं."

"मग विचारलंत का त्यांना?"

"नाही. यादीतून काढावं लागलं."

"का?"

"त्यांच्यावर पोलीस चौकशी चालू आहे, असं समजलं. आम्ही खात्री करून घेतली होती. त्यांच्याच कंपनीतल्या दोन माणसांनी सांगितलं."

चौकशी करणाऱ्याचं सगळ्यात मोठं हत्यार गप्प बसणं हे असतं. लाठी त्यानंतर. मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. बाई आधी माझ्याकडे बघत होती, मग कॉम्प्युटरकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"कोणती चौकशी, बाई?" मी हळूच विचारलं. "चौकशी केली कोणी?"

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हिनेच अफवा पेरली, हिनेच ती कापून आणली आणि हिनेच ती खात्रीचा माल म्हणून पुढे पाठवली. कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं, पण वर्दीत तसं करता येत नाही. बॉसने तेवढ्यात मला निवृत्तीनंतर सुरक्षा सल्लागाराचं पद सुचवून पाहिलं. मी त्याचंही वाक्य जबाबात लिहून घेतलं, तेव्हा तो टाय सैल करत बसला.

बाईने लपवाछपवी न करता जबाब दिला. पुढे कोर्टात दंडही भरला. मला मात्र त्या जबाबाने वाट दाखवली. 'या माणसावर काही नाही' असं मला लिहून देता येत नव्हतं. पण हा माणूस फिर्यादी आहे, हे तर लिहून देता येतं! सरकारी नोकर असल्याची बतावणी केल्याचा गुन्हा मी त्याच संध्याकाळी दाखल केला. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. मी ती त्यांच्या हातात ठेवली. रायटरने स्वतःच्या खिशातून चहा मागवला. चौतीस वर्षांतली ती एक ऐतिहासिक घटना.

शुक्रवारी साडेदहाला त्यांचा फोन आला.

"साहेब, एचआरच्या मॅनेजरने कागद बघितला. 'एफआयआर' वाचलं, खाली माझं नाव वाचलं आणि म्हणाला, अरे बापरे, म्हणजे आता गुन्हासुद्धा दाखल झाला?"

त्या क्षणी कोणी माझा रक्तदाब मोजला असता तर यंत्र फुटलं असतं. मी जीपमध्ये बसलो. एचआरच्या त्या साहेबासमोर एफआयआरची प्रत पसरली आणि फिर्यादी कुठे आणि आरोपी कुठे हे पहिलीच्या पोराला शिकवावं तसं बोट ठेवून तीनदा शिकवलं. बाईचा जबाब वाचून दाखवला. बारा वाजता बैठक बसली आणि साडेबाराला त्यांना कामावर परत घेतल्याचं पत्र निघालं.

पण ते गृहस्थ पत्र हातात घेऊन तसेच उभे. "साहेब, हे माझ्या फाईलला लागेल. अफवा कँटीनमध्ये जेवते."

बरोबर होतं त्यांचं. मी कँटीनमध्ये गेलो. दोनशे माणसं, पुढ्यात सांबार-भात. मी माईकशिवाय, तेलुगूत, हिंदीत आणि खबरदारी म्हणून मराठीतही गरजलो. यांच्यावर चौकशी नाही, नव्हती, तो फोन तोतया बाईचा होता, हे फिर्यादी आहेत. छपराचे पत्रे थरथरले असतील. मागच्या टेबलावरून एका जुन्या ऑपरेटरने हात वर केला.

"साब, कुछ नहीं था तो आप दो बार कायकू आए?"

"अरे, परसों तो मैं उस झूटे फोन का पूछने आया था!"

"हौ साब, वोइच बोल रा मैं. पहले खाली फोन आया था. अब आप खुद आ गए."

लोक माना डोलवायला लागले. मी हतबुद्ध होऊन उभा. या शहरात माझ्या नुसत्या हाकेने ऑटो थांबते, पण एक अफवा थांबेना!

ते गृहस्थ एरवी वरच्या मजल्यावर साहेब लोकांत जेवत. त्यांनी एक ताट उचललं, भात घेतला आणि सरळ त्या ऑपरेटरच्या टेबलाशी गेले. "थोडा सरको मियाँ," म्हणून बाकावर टेकले. "अब मुझसे पूछो. जो पूछना है, मुझसेइच पूछो."

मग तो ऑपरेटर चाचरत म्हणाला, "साब... आप नौकरी छोड़ के जा रे थे क्या?"

"पता नहीं मियाँ," ते म्हणाले. "मुझे किसी ने पूछाइच नहीं."

आधी ऑपरेटर हसला, मग टेबल हसलं, मग पलीकडची टेबलं. माझं तीन भाषांतलं भाषण फुकट गेलं आणि काम झालं. यांच्याबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं. त्या बाईने विचारलं, व्यवस्थापनाने विचारलं, एसीपींनी विचारलं. सोमवारपासून मीही रजिस्टरांना आणि कॉम्प्युटरला विचारत हिंडलो. स्वतः तो माणूस रोज दहा वाजता माझ्या बाकावर सगळी उत्तरं घेऊन बसलेला असायचा, आणि मी त्याला विचारायचो ते एवढंच, की तुम्ही घरी कधी जाणार?

परदेशी कंपनीने तोवर दुसरा माणूस नेमला होता. महिनाभराने त्या पुण्याच्या बाईने या गृहस्थांना फोन करून माफी मागितली आणि आणखी एक मोठी जागा सुचवली. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माझं नाव कोणापाशी काढू नका. तेवढंच प्रमोशन पुरे."

राहिलेली दोन वर्षं मी ठाण्यात एक नियम चालवला. साध्या चौकशीला गेलात, तर शेजाऱ्याचं दार वाजवण्याआधी त्या माणसाचं दार वाजवायचं आणि तोंडावर विचारायचं. शिपाई माझ्या नावाने बोटं मोडायचे. एकदोन लबाड त्यामुळे सावध होऊन निसटले, हे मी नाकारत नाही. पण त्याआधीच्या बत्तीस वर्षांत पानटपरीवर, किराणा दुकानात, जिन्यात उभा राहून "यहाँ फलाने साब रहते क्या, कैसे आदमी हैं?" असं मी किती जणांबद्दल विचारलं आणि जीपमध्ये बसून निघून गेलो, त्याची नोंद कुठल्याही डायरीत नाही. मागे त्या जिन्यात काय काय शिजलं असेल, ते पाहायला मी एकदाही परत गेलो नव्हतो.