लाभलेलं स्टूल

आमची वहिनी दिसली की कारखान्यातले लोक तोंड फिरवायचे. कोंबड्या साफ करून, पॅक करून पाठवणारा कारखाना. मी पॅकिंगला, वहिनी प्रयोगशाळेत. साखळीवर लटकत येणारी एखादी कोंबडी न निवडता उचलायची, मोठ्या पिशवीत घालायची, तपासणीचं पाणी ओतून पिशवी खळाखळा हलवायची आणि ते पाणी घेऊन जायचं, हे तिचं काम. जंतू वाढवायच्या लाल ताटलीवर काळे ठिपके उगवले की संशय साल्मोनेलाचा, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या जंतूचा. मग तेच पाणी पातळ करत करत नळ्यांत भरायचं, म्हणजे जंतू साधारण किती तेही कळतं. ठिपके पक्के झाले की वहिनी येऊन एकच शब्द बोलायची, "थांबा." लाइन बंद, धुलाई सुरू, सगळ्यांना घरी जायला उशीर. म्हणून ती थांबाबाई. कॅन्टीनमध्ये तिच्या शेजारी माझ्याशिवाय कुणी बसेल तर शपथ!

मग तिचे गुडघे सुजले. सुपरवायझरला दया आली आणि त्याने तिला स्टूल दिलं, जंतू मारायला कोंबड्या बुडवतात त्या आम्लाच्या टाकीला अगदी लागून. कोंबडी टाकीत बुडून वर आली की हाताशीच. आणि काय आश्चर्य, ताटल्या स्वच्छ निघायला लागल्या! औषधालासुद्धा ठिपका नाही. "स्टूल लाभलं हो तुम्हाला," म्हणत लोक तिला चहा आणून द्यायला लागले. कालपर्यंत हेच लोक नाकं मुरडत होते, बरं का! पण वहिनी खुलली. काम करताना गुणगुणायला लागली. मला फार बरं वाटलं.

त्यातच आई आजारी पडली. ताप, जुलाब, नुसतं पाणी पाणी. डॉक्टरांनी साल्मोनेला सांगितला. घरी कोंबडी आमच्याच कारखान्यातली यायची. बरी व्हायला लागल्यावर आईने वहिनीने वाढलेलं ताट ढकललं. "हिच्या हातचं मला नको."

वहिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो आई, कोंबडी मी स्वतः तपासलेली…" म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. नंतर मला स्वयंपाकघरात म्हणाली, "अगं, स्वच्छच आहे म्हणून मी कोंबडी कापलेल्या फळीवरच काकडी चिरत होते. एरवी कधी चिरली असती का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात तिने तपासणीची पिशवी उघडून वास घेतला. आंबट, नाकात झोंबणारा. तिने कपाळावर हात मारला. "आम्ल निथळायच्या आतच मी कोंबडी पिशवीत टाकतेय. ते पिशवीत उतरतं आणि पाण्यातले जंतू तिथेच मारतं. म्हणून ताटली साफ. कोंबडी नव्हे गं!"

मग लंगडत साखळीच्या शेवटच्या टोकाला, आपल्या जुन्या जागी गेली. कोंबडी तिथपर्यंत निथळून येते. पाण्यात आम्लाचा जोर मोडणारं औषध घातलं आणि पुन्हा तपासलं. दोन दिवसांनी ताटलीवर तीळ सांडावेत तसे ठिपके आले. अगदी पातळ केलेल्या नळीतही जंतू सापडले.

गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? चहा, कौतुक, स्टूल, सगळं जाणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी भर लाइनसमोर उभी राहून म्हणाली, "थांबा. बाहेर गेलेला मालही परत मागवा. माझं चुकलं, मी कोंबडी निथळू दिली नाही."

सुपरवायझरने स्टूल उचलून नेलं. एकजण मागून पुटपुटला, "आली परत अवदसा." मी त्याला असा झाडला की बस! पण कॅन्टीनमध्ये वहिनीच्या टेबलावर पुन्हा आम्ही दोघीच.

संध्याकाळी मी आईचं ताट वाढत होते. वहिनी उंबऱ्याशी बसून गुडघे चोळत होती. ताटाला हात लावायची तिची छाती होत नव्हती. आमच्या शेजारणीने बातमी आधीच पोहोचवलेली.

"थांबवलंस म्हणे आज?" आईने विचारलं.

"हो."

"माझं चुकलं म्हणालीस? सगळ्यांदेखत?"

"हो, आई."

आई सावरून बसली. मग मला म्हणाली, "तू सर बाजूला. हिला वाढू दे. आणि आतलं स्टूल आण आधी, उभ्याने किती वाढेल ती?"