कूलर बंद करा ना

आमच्या कॉलेजात आता पाठांच्या पॉडकास्टला मार्क देतात. पोरांना नाही हो, शिकवणाऱ्यांना. विषयाची अचूकता, भाषा, आवाजाची स्वच्छता असं सगळं समितीनं तपासायचं आणि जो पाठ नापास होईल तो कॉलेजच्या साइटवरून काढून टाकायचा. त्या समितीत मीही आहे. पोरांना समजलं का, हे कुठंच विचारलेलं नाही. मी विषय काढला तर अध्यक्ष म्हणाले, "ते मोजता येत नाही, मॅडम." घ्या!

उन्हाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या पाठाची पाळी आली. ती अर्थशास्त्र शिकवायची, स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी बसायची. हिवाळ्यात काविळीनं गेली. बैठकीच्या आदल्या दिवशी तिचे यजमान मला कॉलेजच्या गेटपाशी भेटले. "ताई, तिचं तेवढं लेक्चर काढू नका. जेवताना लावत असतो मी." मी म्हटलं, भाऊजी, मी आहे ना.

बैठकीत तिनं घरीच मोबाइलवर रेकॉर्ड केलेला पाठ लावला. "उन्हाळ्यात सांबाराची जुडी महाग काहून होते?" इथून ती मागणी-पुरवठा सुरू करते. अध्यक्षांनी लगेच नाक मुरडलं. कोथिंबीर म्हणायला हवं होतं म्हणे. जन्मभर नागपुरात सांबारवडी खाल्ली या माणसानं! मग मागे कूलरची घरघर वाढते आणि ती शिकवणं सोडून म्हणते, "अवो, कूलर बंद करा ना. पोरायले ऐकू नाही येत." लांबून भाऊजी म्हणतात, "करतो ना वं, करतो." घरघर थांबते, ती पुन्हा जुडीवर येते. सगळे हसले. मीही हसले आणि मग मला रडू आवरेना. आवाजाच्या स्वच्छतेत पाठ सपशेल नापास झाला.

मी भांड भांड भांडले. कुहीहून येणाऱ्या पोरी एसटीत हाच पाठ ऐकून पास झाल्यात, त्यांना विचारा म्हटलं. शेवटी ठरलं की पाठ राहील, पण आवाज साफ करून. मला तर जिंकल्यासारखंच वाटलं. भाऊजींना लगेच फोन करून सांगितलं.

काही दिवसांनी भाजीचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. दुपार होती, खिडकीतला कूलर सुरू होता. त्यांनी ताट वाढून घेतलं आणि मोबाइलवर पाठ लावला. तिचा आवाज आता खणखणीत येत होता. जेवता जेवता भाऊजी मधेच उठले, उष्ट्या हातानंच कूलरच्या बटनापाशी जाऊन उभे राहिले. ती शिकवतच राहिली. जुडी झाली, भाव झाले, पाठ संपला. ते तिथंच उभे.

मी तिथूनच आवाज साफ करणाऱ्या कॉलेजच्या रेकॉर्डिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, मॅडम, मधलं घरगुती बोलणं कापलं, नवीन फाइल चढवली की जुनी जाते. मूळ रेकॉर्डिंग असलेला तिचा मोबाइल तर ती गेल्यावर लगेचच बिघडला होता. असा राग आला, पण काढणार कोणावर?

"भाऊजी, बसा. जेवण थंड होऊन राहिलं," मी म्हटलं.

ते बसले नाहीत. "रोज इथीच म्हणे ती, तवा मी कूलर बंद करो," ते म्हणाले. "आता सांगतच नाही, ताई. कसा बंद करू?"