दाराआडचा हातोडा

पाक दारमोच्या, म्हणजे दारमोकाकांच्या, दुकानाचं दार बंद झालं की गल्लीतली माणसं हळू बोलायची. आत विद्या चाललीय म्हणायची. जावातल्या ब्लितारमध्ये गाड्यांचा पत्रा ठोकणारे पुष्कळ, पण दारमोसारखा हात कुणाचा नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. चेपलेली टाकी आणा, वाकलेला मडगार्ड आणा. गाडी आत जायची, कडी लागायची, ठक ठक ऐकू यायचं आणि गाडी बाहेर यायची ती नुकतं न्हाऊ घातलेल्या पोरासारखी. मध्ये काय झालं ते कुणी बघायचं नाही. बघितलं तर हातातली विद्या उतरते, असं दारमोच्या गुरूनं सांगितलेलं. बाईची तर सावलीसुद्धा हातोड्यावर पडता कामा नये.

आणि आत हातोडा चालवत असायची दारमोची बायको, याती.

झालं होतं असं, की एका सकाळी विहिरीवर तोंड धुता धुता दारमोचा उजवा हात लुळा पडला. तोंड वाकडं झालं होतं ते महिन्याभरात सरळ आलं, बोलणं तर आधीपेक्षा वाढलंच, पण हात काही परत आला नाही. नुसता थरथरायचा. दोन पोरी लग्न होऊन सुराबायाला गेलेल्या, घरात दुसरं कमावणारं कुणी नाही. यातीनं लग्नापासून नवऱ्यासमोर बसून पत्र्यामागे लोखंडी ठोकळा धरलेला. विद्येच्या खोलीत बाई नको म्हणणाऱ्या दारमोला ठोकळा धरायला मात्र बाई चालायची. त्यामुळे कुठला घाव कसा बसतो ते तिच्या तळहाताला ठाऊक होतं. एक दिवस तिनं ठोकळा खाली ठेवला आणि हातोडा उचलला. दारमो भिंतीकडे तोंड करून बसला. संध्याकाळी वळून त्यानं पत्र्यावरून डावा हात फिरवला आणि म्हणाला, "बरं झालंय." त्या माणसाच्या तोंडून एवढं निघालं हेच खूप.

तेव्हापासून तो पुढच्या दारानं आत जायचा, ती स्वयंपाकघराच्या दारानं. ती ठोकायची, तो उलट्या डब्यावर बसून कबुतरांच्या गाण्याच्या शर्यतींच्या गप्पा मारायचा. बाहेर आला की हात लुंगीच्या घडीत. किल्ली घ्यायची वेळ आली तर डाव्या हातानं उजवा उचलून दोन्ही हात पुढे करायचा. डाव्या हातानं देणं-घेणं म्हणजे अपमान, म्हणून बिचारा ही कसरत करायचा, आणि गिऱ्हाईकं म्हणायची, काय हा नम्रपणा, हल्ली बघायला मिळत नाही!

हे उघडं पडलं तर गिऱ्हाईक वळणावरच्या दुसऱ्या दुकानात जाणार, हे यातीला कळत होतं. पण तिला खरी धास्ती दुसरीच होती. चूल कशीही पेटवता येते. नाव गेलं तर हा माणूस अंथरुणातून उठायचा नाही.

अशात तेगुह आला. टोफूच्या कारखान्यात कामाला, तिशीतला, अजून बिनलग्नाचा. सगळी माया एका जुन्या मोटारसायकलवर. आजोबांच्या वेळची गाडी, पत्रा जाड, आवाज रेड्यासारखा. तिचे कंपनीचे इंडिकेटर म्हणजे संत्र्याएवढे नारिंगी गोळे, बाहेर आलेल्या दांडीवर. ते काढून त्यानं नखाएवढे नवे आणले होते. जुने काढल्यावर मागच्या मडगार्डवर आणि दिव्याच्या बाजूंना मोठी भोकं उघडी पडली. ती बुजवून, घासून, वरून काळा रंग मारून हवा होता. रविवारी चौकात गाडीवाल्यांचा मेळा होता.

"मोठी भोकं तेवढी बंद करा, पाक," तेगुह दारमोला म्हणाला. "बारकी चार आहेत ना, त्यांना हात लावू नका. नव्या इंडिकेटरची आहेत. गेला अख्खा रविवार मोजून मोजून पाडलीत."

"हो हो. मला काय नवीन आहे का हे?" दारमो म्हणाला, आणि लगेच, "तुझ्या मामाचं कबुतर गाऊ लागलं का रे?"

कबुतराचं बोलणं अर्धा तास चाललं. एवढ्या वेळात भोकं डोक्यातून गेली.

आत यातीनं गाडीभोवती फेरी मारली. मोठ्या भोकांच्या मापाच्या गोल चकत्या कापल्या, मागून बसवल्या, पितळेनं जोडल्या. मग तिची नजर बारक्या भोकांवर गेली. कडा कोऱ्या, लोखंडाचा कीस अजून चिकटलेला.

"अहो, ही कशाची?"

"भोकंच ती. बुजव."

"ताजी आहेत. कुणी मुद्दाम पाडल्यासारखी. विचारून या ना जरा."

"आता जाऊन विचारू? म्हणजे आत पत्रा बघतंय कोण, असं नाही वाटणार त्याला? सांगितलं ना, सगळी बुजव. गुळगुळीत हवीय त्याला."

स्वतः जाऊन विचारायची सोय नव्हती. बाहेर ती कॉफी देणारी बू, म्हणजे काकू होती, तिला भोकांशी काय करायचंय! यातीच्या मनाला पटेना, पण तिनं बारकीही बुजवली. लांबीचा लगदा भरला, पाण्याच्या पॉलिश कागदानं घासली, अस्तर दिलं, रंग चढवला. बुजवली तीही अशी, की नखाला लागू नयेत.

शनिवारी दुपारी तेगुह कारखान्यातल्या दोन दोस्तांना घेऊन आला. गाडी बघून त्याचा चेहरा उजळला. "पाक, काय केलंत हो!" मडगार्डवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. मग वाकला. मग पलीकडून जाऊन वाकला.

"माझी भोकं कुठायत?"

"भोकं?" दारमो हसला. "अरे, भोकं बुजवायलाच आणली होतीस ना?"

"जुनी! नवी नाहीत! आता इंडिकेटर काय कपाळाला लावू?"

एक दोस्त म्हणाला, "डावीकडे वळायचं तर पाय बाहेर काढ."

"गप रे! पाक, ते दार बंद करून आत काय करता हो तुम्ही? झोपता?"

दारमोचं हसू मावळलं. "ठेवून जा. सोमवारी देतो."

"उद्या मेळा आहे. मी ड्रिल आणलंय, आत्ता पाडा. इथेच, माझ्यासमोर. त्या दारावर माझा भरवसा नाही उरला."

"विद्या उघड्यावर…"

"भोक पाडायला कसली आलीय विद्या! घ्या."

आणि त्यानं ड्रिल पुढे केलं. दारमोनं सवयीनं दोन्ही हात पुढे केले. ड्रिल जड. उजवा हात लुंगीतून बाहेर आला तो वाळक्या पानासारखा हलू लागला. सुरू केल्यावर तर टोक कुठल्या कुठे नाचायला लागलं, कोऱ्या काळ्या रंगापासून बोटभर अंतरावर. दोस्तांचं हसणं थांबलं. तेगुह आधी हाताकडे, मग दारमोच्या तोंडाकडे बघत राहिला.

दाराच्या फटीतून याती बघत होती. जावं तर नवऱ्याचं नाव जातंय. न जावं तर तो चौघांसमोर त्या पोराची गाडी ओरबाडणार, आणि तेही त्यालाच आयुष्यभर दिसत राहणार. तिनं दार ढकललं आणि बाहेर आली. कपाळाला लांबीचा लगदा, हाताला काजळी.

"पोरांचे आई, कॉफी आण," दारमो घाईघाईनं म्हणाला.

"आणते. आधी हे इकडे द्या."

तिनं ड्रिल त्याच्या हातून काढून घेतलं. काढता काढता त्याचा थरथरता हात क्षणभर आपल्या हातात धरून ठेवला, मग सोडला. रंगावर चिकटपट्टी लावली. खिळ्याच्या टोकानं चार जागी बारीक खूण केली, मापपट्टी न घेता.

"बू, माप घ्या की!" तेगुह ओरडला. "मला अख्खा रविवार लागला होता!"

"माहितीय कुठे होती ती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बुजवली मीच ना."

चारही भोकं पडली. मग एका दोस्तानं हळूच विचारलं, "बू, आणि माझी टाकी? गेल्या साली चेपली होती ती?"

"बकऱ्यावर आपटली होतीस ती? तीही मीच."

"बकरा नव्हता, म्हैस होती," तो म्हणाला. "घरी बकरा सांगितला होता."

तेगुह फस्सकन हसला. मग बाकावर मान घालून बसलेल्या दारमोसमोर उकिडवा बसला. "हाताचं कधी झालं, पाक? सांगायचं की हो. आम्ही काय परके?" या वेळी दारमोनं हात लुंगीत घातला नाही. तेगुहनं इंडिकेटर बसवले, चारही लुकलुकले, आणि तिघं गेले.

बातमी दिवे लागायच्या आत बाजारात पोचली. दारमो आठवडाभर अंगणाच्या बाहेर पडला नाही. याती पेचेल, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतली उकडलेली भाजी वाढायची, तो चटणी तेवढी चाटायचा. गिऱ्हाईक आलंच नाही असं नाही, पण दोघं-तिघं खरंच वळणावर गेले. यातीनं ठरवलं, आता लपवायचं तरी काय, आणि दार सताड उघडं टाकून कामाला लागली.

एक दिवस लांबच्या वेंगी गावाकडून एक बाई चेपलेली स्कूटर घेऊन आली. उघडं दार बघून ती नाराज झाली.

"असं उघड्यावर ठोकणार?"

"बाई ठोकते हे ऐकलं नाहीत का?" यातीनं विचारलं.

"ऐकलं ना. बाई ठोकू दे, नाहीतर बाप्या. पण दार लावा हो! उघड्या दाराचंच काम हवं होतं तर इतक्या लांब कशाला आले असते?"

यातीला हसू आवरेना. तिनं दार लावलं. पण कडी लावायच्या आधी मान बाहेर काढून विचारलं, "हे ओरखडे काढायचे की नुसता पोचा? आरसा ठेवायचा का? आणि हे भोक कशाचं?"

बाहेर बाकावर दारमो बसला होता. आठ दिवसांत पहिल्यांदाच तो अनोळखी माणसाशी बोलला.

"सांगा सगळं नीट," तो त्या बाईला म्हणाला. "फार विचारते ही. पण मागाहून बोलायला जागा ठेवत नाही."