दोन रेघांच्या मधली अडीच फूट जागा

शुक्रवारी सकाळी आमच्या चारकोपच्या नाक्यावर, मेट्रोच्या जिन्याखाली, दोन साहेब एकदाचे एकत्र उभे राहिले. एक मेट्रोचा, एक वॉर्ड ऑफिसचा. एवढं घडायला आठ महिने लागले... शप्पथ, दमले मी.

जिना संपतो आणि फुटपाथ सुरू होतो, त्याच्या मधे खड्डा आहे. फार मोठा नाही, पण महिन्यापूर्वी आईचा पाय त्यात गेला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई, रोज त्याच वाटेने व्यायामाला जायची. तेव्हापासून घराबाहेर पडायला तयार नाही, आणि डॉक्टर म्हणतात चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल.

मेट्रोवाले सांगायचे, शेवटच्या पायरीपर्यंत आमचं. वॉर्डवाले म्हणायचे, फुटपाथ त्यांनी खणला, अजून आमच्या ताब्यात दिलेला नाही. ॲपवर तक्रार टाकली की दोन दिवसांत 'निकाली'... खड्डा तसाच, वाट लागली ती माझी.

शेवटी ही जॉइंट व्हिजिट. दोघांनी टेप काढून आपापली हद्द मोजली. एकाने पिवळी रेघ मारली, दुसऱ्याने पांढरी, फोटो काढले आणि निघायच्या तयारीत... मधे अडीच फूट जागा कोरी. खड्डा नेमका तिथेच.

माझ्यात भांडायचं बळच नव्हतं यार. साहेबांनी बघावं म्हणून आईला मी हाताला धरून खाली आणलं होतं. ती बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली.

मग शांतपणे आपल्या मालवणीत म्हणाली, "मगे मी पडलंय ती जागा कोणाची रे बाबांनू?"

वॉर्डवाला हळूच म्हणाला, गोदामात एक लादी पडून आहे. मेट्रोवाला म्हणाला, सिमेंट आणि माणसं मी देतो, फक्त कागदावर नको घेऊया. दुपारी लादी बसली.

आज सोमवार. आई एकटी निघाली, मी तिला कळू न देता मागे मागे गेले. लादीजवळ थांबली, काठीने दोनदा ठोकून बघितलं आणि गेली पुढे...

मी तिथेच जिन्यावर बसून रडले. त्या दोघांचे आभार मानू की आठ महिन्यांच्या शिव्या घालू, अजून ठरत नाहीये... पण आई चालतेय.