जेलरबाई

आमच्या जेलरबाई नव्या आलेल्या प्रत्येक शिकाऊ डॉक्टरचं तोंड पहिल्याच आठवड्यात बंद करत. हे मी अलंकारिक बोलत नाहीये. वरच्या आणि खालच्या दातांवर बारीक बटणं चिकटवायची, त्यांत रबरं अडकवायची आणि जबडा मिटून टाकायचा. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच अवस्थेत वॉर्डातली सगळी कामं करायची. भूक लागली तर स्ट्रॉने लबान, म्हणजे इथलं ताक, नाहीतर गाळलेलं सूप. जबडा मोडलेल्या माणसाचे दात असेच तारांनी बांधून त्याला सहा आठवडे ठेवावं लागतं. "तुम्ही एक दिवस काढून बघा, मग त्याला 'डोन्ट वरी' म्हणा," असं बाईंचं म्हणणं होतं.

माझ्या त्या दिवशी दुपारी उम्म अल कुवैनहून मुलीचा व्हिडिओ कॉल आला. नवरा तिकडे एका कारखान्यात, मुलगी त्याच्याजवळ आणि मी आठवडाभर अबुधाबीत हॉस्पिटलच्या हॉस्टेलवर, अशी तेव्हा आमच्या संसाराची वाटणी झालेली होती. मी नुसतीच हूं हूं करतेय हे बघून तिने विचारलं, "ममा, आर यू इन टाइम-आउट?" तिच्या शाळेत शिक्षा म्हणून कोपऱ्यात गप्प बसवत, तो टाइम-आउट. मला हसू आलं, पण हसायला तोंड उघडावं लागतं. हसू आत कोंडलं, डोळ्यांना पाणी आलं, नाक चोंदलं आणि आता श्वास कुठून घ्यायचा या विचाराने माझी पाचावर धारण बसली. बाई शेजारीच फाइल वाचत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "नाकाने घे. हळू. घाबरलीस की बिघडतं."

संध्याकाळी त्यांनी स्वतः रबरं कापली आणि टेबलाच्या खणातून भडंगाची पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. बाई सांगलीच्या. तिकडून कुणीही यायला निघालं की त्यांचे यजमान त्याच्या सामानात भडंग घालून पाठवत. "खा आता. आवाज करून खा," त्या म्हणाल्या. मी आयुष्यात इतकं मन लावून काही चावलेलं नाही.

जेलरबाई हे नाव आमच्या आधीच्या कुणीतरी ठेवलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. तोंडावर अर्थातच मॅडम. आमच्या बॅचला आम्ही दोघंच, मी आणि युसुफ नावाचा सुदानचा एक उंचच उंच दंतवैद्य. बाई जेमतेम त्याच्या कोपरापर्यंत येत. ऑपरेशनच्या वेळी त्या पायाखाली स्टूल घेऊन उभ्या राहत, आणि तरीही टेबलापाशी सगळ्यांत उंच त्याच वाटत. रजा मागायला गेलं की त्या कॅलेंडर न बघताच "नाही" म्हणत. युसुफचं मत असं होतं, की त्यांच्या जबड्यालाही कुणीतरी तारा बांधून ठेवल्यात आणि त्यातून फक्त एवढा एकच शब्द सुटतो.

आता मी या तुरुंगात आपल्या पायांनी चालत का आले, तेही सांगायला हवं. शारजात एका क्लिनिकमध्ये मी लोकांचे दात पांढरे करत होते. पगार बरा, एसी गार, आणि दिवसाच्या शेवटी आपण कुणाचं काय भलं केलं हे विचारायची सोय नाही. तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचं चार वर्षांचं शिक्षण इथेच मिळतंय म्हटल्यावर मी उडी मारली. नोकरी सोडली, व्हिसा हॉस्पिटलचा झाला. शिक्षण अर्धवट टाकलं तर व्हिसा गेला. शारजातली जागा केव्हाच भरली गेली होती, आणि भारतात परतून तिशीनंतर पुन्हा प्रवेश परीक्षांच्या रांगेत उभं राहायची छाती नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. इथला कामाचा आठवडा तेव्हा रविवारी सुरू व्हायचा. दर रविवारी पहाटे मुलगी झोपेत असताना घरातून निघायचं आणि अबुधाबीच्या रस्त्याला लागल्यावर गाडीत एकटीने रडून घ्यायचं, हा माझा नेम होता.

पहिलं वर्ष मी नुसता आकडा धरून काढलं. आतली हाडं नीट दिसावीत म्हणून गाल एका वाकड्या आकड्याने बाजूला ओढून धरावा लागतो, ते काम नवशिक्याचं. हात आधी भरून येतो, मग बधिर होतो, मग आपला राहतच नाही. एकदा मी न राहवून म्हटलं, "मॅडम, हात दुखतोय." त्या हाडात स्क्रू बसवत होत्या. म्हणाल्या, "दुखू दे. सुटू देऊ नको." पण त्याच बाई ऑपरेशन संपल्यावर वॉर्डात येऊन आधी एक गोष्ट बघत, की पेशंटच्या उशाशी तारा कापायची कात्री टांगली आहे का. बांधलेल्या तोंडाने उलटी झाली तर माणूस गुदमरतो, म्हणून ती हाताशी लागते. ती एकदा नव्हती तेव्हा त्यांनी युसुफला रात्रपाळी संपेपर्यंत त्या खाटेशेजारी उभं केलं होतं. "बांधायला कुणीही शिकतं," त्या म्हणाल्या. "सोडवायचं कसं, ते आधी बघायचं."

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कामगारांच्या वस्तीत राहणारा संतोष नावाचा गुहागरकडचा मुलगा एकदा आमच्याकडे आला. अबुधाबीतल्या एका बांधकामावर परांचीवरून पडून त्याचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. घरी त्याने काही कळवलेलं नव्हतं. आईचे फोन यायचे, तो उचलायचा नाही, आणि फोन वाजून थांबला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो फोन उचलला. मी शेजारीच होते.

"मी डॉक्टर बोलते. तुमच्या मुलाचा जबडा मोडलाय. मी तो बांधलाय, सहा आठवड्यांनी सोडणार आहे. जिवाला धोका नाही. तुम्ही आधी रडून घ्या, मी फोन धरते."

आणि खरंच त्या फोन धरून उभ्या राहिल्या. पलीकडचं रडं ओसरल्यावर आवाज आला, "बाय माजे, मला त्याचा आवाज ऐकव." बाईंनी फोन संतोषच्या तोंडापाशी नेला. "जेवलंस काय रे?" आईने विचारलं. मिटलेल्या दातांतून संतोष म्हणाला, "हूं." मग त्या माउलीने पेज कशी करायची, मीठ किती घालायचं, वरचं पाणी कसं काढायचं हे सगळं बाईंना सांगितलं, आणि आमच्या जेलरबाई "बरं", "बरं" म्हणत राहिल्या. त्यानंतर तिचा फोन रोज बाईंनाच येऊ लागला. कितीही घाईत असल्या तरी त्या तो उचलत.

स्वतःच्या घरचा फोन मात्र त्या कोपऱ्यात जाऊन घेत. त्यांच्या यजमानांना सगळे अण्णा म्हणत, म्हणून बाईही अण्णाच म्हणत. अण्णा इथेच एका बँकेत होते. निवृत्त झाल्यावर सांगलीला परतले. बाई मागोमाग जाणार होत्या. रोज दुपारी त्यांचं एकच वाक्य कानावर पडायचं. "येते. मुलांची परीक्षा झाली की येतेच." या दोघांना मूलबाळ नव्हतं, हे मला बरेच दिवस माहीत नव्हतं. मुलं म्हणजे मी आणि युसुफ.

ते कळलं आमच्या विभागप्रमुखांकडून, मोठ्या सरांकडून, आणि बाई का जात नाहीत तेही. आमच्या विभागात शिकवायला ते आणि बाई असे दोघंच उरले होते, आणि दोन शिक्षक असतील तरच शिकवायची मान्यता टिकते असा नियम होता. बाईंच्या जागी माणूस शोधणं चालू होतं, आणि तोवर नवी बॅच घेणं बंद होतं. कधी येणार विचारलं की ऑफिसमधून "नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला" असं उत्तर यायचं. तो महिना काही उजाडत नव्हता. बाई गेल्या असत्या तर त्याच दिवशी आम्ही दोघं रस्त्यावर आलो असतो, केलेली वर्षं पाण्यात. मी त्यांना जेलर म्हणत होते आणि त्या आमच्यासाठी आत बसल्या होत्या.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एका सकाळी आम्ही कपडे बदलून ऑपरेशनसाठी आत निघालो होतो, तेवढ्यात त्यांना सांगलीच्या शेजाऱ्यांचा फोन आला. त्यांनी तो ऐकला, बंद केला आणि टोपी नीट करत मला म्हणाल्या, "अण्णा भडंग आणायला गेले होते. परत आले आणि आपल्याच फाटकाबाहेर उभे राहिले. घर कुठलं ते आठवेना." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "हात धू," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पाच तास स्टुलावर उभं राहून एका माणसाच्या डोळ्याखालचं चुरा झालेलं हाड जुळवलं. हात एकदाही हलला नाही. मला मात्र समोरचं धूसर दिसत होतं.

शेजारी अण्णांना येऊन-जाऊन बघत होते, पण पुढच्या महिन्यांत त्यांचे फोन बदलत गेले. आधी ते दिवसातून तीनदा करत, मग मधेच कशासाठी केला ते विसरत. सांगलीच्या डॉक्टरांनी बाईंना स्वच्छ सांगितलं होतं, की ओळख हळूहळू जाणार, हाताशी वेळ थोडा आहे. आणि आमची परीक्षा अजून वर्षभर लांब होती. मी आणि युसुफने कॅन्टीनमध्ये बसून पुष्कळ डोकेफोड केली, आणि मग उठून त्यांच्या खोलीत गेलो.

"डॉक्टर, प्लीज गो होम," युसुफ म्हणाला. "वुई विल मॅनेज."

"काय मॅनेज करणार?"

"दुसरं हॉस्पिटल शोधू," मी म्हटलं. "नाही मिळालं तर पुन्हा क्लिनिक. मॅडम, तुम्ही जा. अण्णांना आत्ता तुमची गरज आहे."

त्या इतक्या चिडल्या की उभ्याच राहिल्या. "पेशंट सर्जनला सांगतो का, टाके अर्धे राहू द्या म्हणून? मी एकदा टेबलापाशी उभी राहिले की मधून जात नाही. बाहेर व्हा दोघं." आम्ही दाराशी पोचलो तेव्हा मागून हळू आवाज आला. "मी अण्णांना विचारलं होतं गं. ते भानावर असताना विचारलं होतं. 'पोरांना असं लटकवून आलीस तर मला चालायचं नाही,' म्हणाले." मी हॉस्टेलवर येऊन खूप रडले. माझी जागा वाचली याचा आनंद झाला होता, आणि तोच आनंद मला सहन होत नव्हता.

आम्ही दोघंही पास झालो. निकाल कळल्यावर बाईंनी पहिल्यांदा आणि शेवटचं आमच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "यल्ला, चला, सुटलात." त्याच आठवड्यात त्या सांगलीला निघाल्या. नर्सेसनी केक आणला होता, तो कापायच्या आत वॉर्डात कुणाच्या तरी तारा ढिल्या झाल्या म्हणून बाई तिकडे पळाल्या. त्या परत आल्या तेव्हा मेणबत्ती विझून गेली होती. "बरं झालं," त्या म्हणाल्या.

गेल्या हिवाळ्यात मी सुट्टीवर गेले तेव्हा मुद्दाम सांगलीला उतरले. बाईंनीच फाटक उघडलं. बारीक झाल्या होत्या. अंगणातच हलक्या आवाजात त्यांनी मला तयार केलं. "मी आले तेव्हा पहिले काही दिवस ओळखलं. खूश होते. मग एका सकाळी विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, डॉक्टर. तेवढं त्यांना पटलं. आता मी त्यांची डॉक्टर आहे."

अण्णा झोपाळ्यावर बसले होते. स्वच्छ धोतर, दाढी नुकतीच केलेली. मी अबुधाबीहून आले म्हटल्यावर त्यांचा चेहरा एकदम उजळला. बाई चहा करायला आत गेल्या तसे ते माझ्याकडे वाकले.

"अबुधाबीच्या का? मग माझी बायको तुम्हाला भेटत असेल. ती तिकडे मोठी डॉक्टर आहे. तिला माझा एक निरोप द्याल? म्हणावं, माझं इथे उत्तम चाललंय. या बाई फार चांगल्या आहेत, सगळं बघतात. तेव्हा तू घाई करू नको. पोरांचं नीट होऊ दे. मी आहे इथेच."

बाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "देते निरोप," मी कसंबसं म्हटलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला, एक कप अण्णांच्या हातात दिला आणि झोपाळ्यापाशी येऊन थांबल्या. अण्णांनी अंग चोरून, परक्या बाईला द्यावी तशी अदबीने बाजूला जागा करून दिली आणि म्हणाले, "बसा, डॉक्टर."