वीतभर सरकलेलं मशीन

“सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करा,” शेठ म्हणाले.

आम्ही केलं. नऱ्ह्याच्या आमच्या वर्कशॉपमध्ये, आमच्याच मशीनपाशी, शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे राहिलो. पाठीमागे परदेशातून आलेला इंजिनिअर कोड टाकत होता. तो आम्ही बघायचा नव्हता. माझ्या नाकासमोर भिंतीवर खंडेनवमीचं वाळलेलं कुंकू होतं. मीच लावलेलं.

सगळं घडलं त्या पूजेपायी. मशीनखाली वर्षभराचा धातूचा कीस साचला होता. पूजेला स्वच्छ हवं, म्हणून जॅक लावून आम्ही मशीन वीतभर सरकवलं. झाडलं, पुसलं, हार घातला. दसऱ्याला बटण दाबलं, तर पडद्यावर लाल अक्षरं. मशीन जागेवरून हललं आहे, म्हणून बंद केलं आहे. आत असा पहारा बसवलाय, हे मला तेव्हा कळलं. शेठना माहीत होतं. करारावर सही त्यांचीच. मी मात्र कित्येक वर्षं त्याच मशीनवर कृत्रिम गुडघ्यांचे भाग कापत होते.

इंजिनिअर आला तो महिना उलटल्यावर. तोवर ऑर्डरी गेल्या, पगार अर्ध्यावर आला. त्याने मलाच विचारलं, “व्हॉट डू यू रिअली मेक हिअर?” मी गुडघा त्याच्या हातात दिला. चोरीचा माल बघावा तसा त्याने तो उलटसुलट करून पाहिला. म्हणाला, असल्या मशीनवर क्षेपणास्त्राचे भागही होतात, म्हणून ते हललं की बंद पडावं असा त्यांच्या देशाचा कायदा आहे. ती भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याकडे याहून भारी मशिनं आहेत आणि त्यांवर क्षेपणास्त्रंच होतात. त्यांना कोण भिंतीकडे तोंड करायला सांगतं? हे मला विचारायचं होतं. इंग्रजी तोंडातच अडकलं. फार लाज वाटली.

मशीन सुरू झालं आणि थोड्याच वेळात पुन्हा बंद पडलं. त्याने लॅपटॉप उघडला. शेठनी पुन्हा हात केला. सगळे वळले.

मी नाही वळले.

“अहो बाई, तोंड फिरवलंत म्हणून काय ते झिजणार आहे?” शेठ म्हणाले.

“मशीन तुम्ही पैसे मोजून घेतलंय, शेठ. चालवते मी. मी बघणार.”

इंजिनिअरने लॅपटॉप मिटला. तो चिडलाही नाही, आणि तेच जास्त लागलं. घाई त्याला नव्हती, आम्हाला होती. शेठ त्याच्यापुढे हात जोडून उभे. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “बाहेर जा. तुमच्या एकटीपायी सगळ्यांच्या पोटावर पाय आणू का?”

बरोबरच्या कुणी मान वर केली नाही. मी रस्त्यावर आले. आतून मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. माझ्याशिवाय.

नोकरी गेली. आता येरवड्याच्या घरून रोज बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाते. तिथल्या एका दुकानात मशीनची जुनी कंट्रोल कार्डं दुरुस्तीला येतात, ती उघडून बसते. आतला तो पहारा कसा चालतो, हे अजून फारसं कळत नाही. कदाचित माझ्या हयातीत पूर्ण कळणारही नाही. लोक समजावतात, त्यांच्या देशाचा कायदा आहे, आपण काय करणार? असेल कायदा. त्यांनी तो त्यांच्या देशात पाळावा. माझं तोंड कुठल्या दिशेला असावं, हे त्यांनी ठरवायचं नाही. मशीन बंद राहिलं तरी चालेल. मी वळणार नाही.