बहुमताने सुटणारं शब्दकोडं

शब्दकोडं सोडवायला खरं तर एक माणूस पुरतो. आमच्याकडे पाच बसतात, म्हणून उत्तरं कमी अन् किस्सेच जास्त जमतात. तेलंगणातल्या आदिलाबादला कापूस मार्केटजवळ गंगाधरकाकांचं किराणा दुकान आहे. मराठी पेपर तिथं दुपारच्या बसने येतो. डॉक्टरांनी काकांना हृदयाचं ऑपरेशन सांगितलेलं. "आज कोडं अडलं, उद्या पाहू," म्हणत काका ते टाळत होते. घाबरत होते, दुसरं काय!

* * *

शब्द अडला की आम्ही हात वर करून मतदान घेतो. एकदा 'रात्री दरवळणारं फूल' आलं. चौघांनी 'सदाफुली'ला मत दिलं. 'रातराणी' म्हणणारा मी एकटा, पडलो. दुसऱ्या दिवशी पेपरात रातराणीच छापून आली. काका म्हणाले, "मतदान झालं होतं न? मंग पेपर चुकला."

* * *

आमच्यातले तलमडुगु गावचे किसनराव कापूस पिकवतात. त्यांना रिकामी चौकट बघवत नाही. काका गिऱ्हाइकाला साखर देत होते, तेवढ्यात यांनी उरलेल्या सगळ्या चौकटींत 'तूर, तूर' भरून टाकलं!

"हे काय करून ठेवलं?" काका म्हणाले.

"कपाशीत जिथं बी उगवलं नाही, तिथं आमी तूर लावतो. जागा काऊन पडीक ठेवायची?"

* * *

एकदा बस आलीच नाही. काकांनी शेजारच्या दुकानातून तेलुगू पेपर आणला, अन् चौकटी मोजून आम्ही त्यात मराठी शब्द बसवले. शेजारी बघतच राहिला. काका म्हणाले, "चौकटीले कुठं भाषा असते?"

* * *

शेवटी काकींनी काकांना दवाखान्यात दाखल केलंच. स्ट्रेचर आत न्यायची वेळ आली. काकांचा चेहरा पांढरा पडलेला. किसनरावांनी पेपर पुढे केला. "काका, आडवा सात अडला."

काकांनी नजर टाकली. "येते मले. बाहेर आलो का सांगतो. तवर कोनी हलू नका. मतदान बी घेऊ नका."

आम्ही बाकावर बसून राहिलो. मध्येच मला उत्तर सुचलं, मी तोंड उघडलं. किसनरावांनी माझ्या तोंडावर हात दाबला.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी भेटू दिलं तेव्हा पेपर घेऊनच आत गेलो. किसनरावांचे डोळे भरून आलेले. "सांगा आता, काका. आडवा सात."

काका हळूच म्हणाले, "मले तरी कुठं येत होतं? पण तुमी थांबले न."